गाडी दारात, नाव दुसऱ्याचं

जानेवारीतल्या एका दुपारी गोव्यातल्या पेडण्याहून एका आजींचा फोन आला. "पुता, मेरशीच्या सिग्नलवर आमची गाडी थांबली नाही म्हणून मेसेज आलाय. पण आमची गाडी आहेच कुठे?"

गाडी माझ्या दारात होती, डिचोलीला. तीन वर्षांपूर्वी मी ती त्यांच्या मुलाकडून घेतली होती. मुलगा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. जहाजावर निघायच्या आदल्या आठवड्यात घाईघाईत व्यवहार झाला. पैसे बँकेतून दिले, त्याने फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या करून दिल्या, आरसीचं, म्हणजे नोंदणीचं, कार्ड दिलं, दोन्ही चाव्या दिल्या. मी नारळ फोडला, गाडी घरी आणली आणि सह्यांचे कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून कपाटात ठेवले. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की आरटीओत जाऊ, असं ठरवलं होतं. त्यानंतर तीन चवथी झाल्या.

आजींचा चलान भरून टाकला आणि मग हे प्रकरण नीट समजून घ्यायला बसलो. समजलं ते इथे लिहितो आहे, कारण ओळखीत चौकशी केली तर माझ्यासारखे आणखी चौघे निघाले. त्यातला एक तर वकील.

गाडी कोणाची, याला दोन उत्तरं

पैसे दिले, चावी घेतली, गाडी ताब्यात आली, म्हणजे वस्तू विक्रीच्या १९३० च्या कायद्याने ती माझी झाली. विकणाऱ्याला उद्या ती परत मागता येणार नाही. पण मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि तो 'मालक' हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतो. त्याच्या कलम २ मधल्या व्याख्येनुसार, ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो मालक. म्हणजे तीन वर्षं एकाच गाडीला दोन मालक होते. पेट्रोल भरणारा मी, आणि अपघात झाला असता तर कोर्टाने ज्याला बोलावलं असतं तो.

हे नुसतं शब्दांचं खूळ नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा एक निकाल आहे. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे, अशी ती हातोहात गेली. आरटीओतलं नाव मात्र कोणीच बदललं नाही. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात केला. पहिल्या माणसाने सांगितलं, माझा या गाडीशी दोन वर्षं संबंध नाही. न्यायालयाने ते मान्य केलं नाही आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. कारण असं की, ज्याला गाडीने उडवलं त्याने, किंवा त्याच्या घरच्यांनी, गाडी कोणी कोणाला विकली याची साखळी शोधत फिरायचं का? त्यांनी नोंदवहीत नाव बघावं आणि त्या माणसाला धरावं.

हा निकाल वाचल्यावर मला पहिल्यांदा घाम फुटला, आणि तो स्वतःसाठी नव्हता. त्या तारवट्याला मी तीन वर्षं माझ्या ड्रायव्हिंगवर टांगून ठेवलं होतं. आपण धरून चालतो की कागद राहिले तर तोटा घेणाऱ्याचा. प्रत्यक्षात विकणाऱ्याच्या गळ्यातला फास जास्त घट्ट असतो, आणि तो निवांत असतो, कारण त्याच्या मते गाडी 'गेली'.

कायद्याने दोघांनाही काम दिलेलं आहे. कलम ५० म्हणतं, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विकणारा परराज्यात गाडी देत असेल तर त्याला ४५ दिवस. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याची खबर, 'मी ही गाडी अमक्याला दिली'. फॉर्म ३० मध्ये दोघांच्या सह्या असतात, तो खरा नामांतराचा अर्ज. आपल्याकडे रीत अशी की विकणारा दोन्ही फॉर्मांवर कोऱ्या सह्या करून घेणाऱ्याच्या हातात देतो आणि हात झटकतो. म्हणजे 'माझं ओझं उतरलं' ही खबर द्यायचं कामसुद्धा तो दुसऱ्यावर सोपवतो, आणि दुसरा ती फाईल कपाटात ठेवतो.

गाडी विकणाऱ्यांनी एवढं तरी करावं: भरलेल्या फॉर्म २९ ची एक प्रत स्वतः आरटीओत देऊन पोच घ्यावी, आणि गाडी दिली त्या दिवशी तारीख आणि वेळ लिहून डिलिव्हरी नोटवर घेणाऱ्याची सही घ्यावी. वेळसुद्धा, हो. संध्याकाळी सहाला गाडी दिली आणि आठ वाजता ती पर्वरीला कोणाला धडकली, असं होऊ शकतं.

विमा

आरटीओपेक्षा मोठी चूक माझी इथे झाली होती, आणि ती चूक आहे हेच मला माहीत नव्हतं.

दर वर्षी विम्याचा मेसेज यायचा, मी लिंक उघडून पैसे भरायचो. पॉलिसी यायची ती जुन्या मालकाच्या नावाने. मला वाटायचं, गाडीचा विमा आहे ना, नाव काय करायचंय. पण विमा दोन भागांचा असतो आणि ते दोन भाग नावाच्या बाबतीत एकमेकांपासून फार वेगळे वागतात.

पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. इथे कलम १५७ उदार आहे. गाडी विकली की विम्याचं प्रमाणपत्र नव्या मालकाकडे गेलंच, असं ते मानून चालतं. रस्त्यावरच्या परक्या माणसाला आपल्या आळसाची झळ बसू नये म्हणून.

दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. झाड पडलं, पुराचं पाणी शिरलं, गाडी चोरीला गेली, तेव्हा कामाला येतो तो हाच. हा भाग आपोआप सरकत नाही. तो विमा कंपनी आणि तिच्या ग्राहकाचा आपसातला करार आहे, आणि तो ग्राहक होता जहाजावर. माझ्या गाडीवर पावसात माड पडला असता तर कंपनी मला म्हणाली असती, तुम्ही कोण? आणि त्याला म्हणाली असती, गाडी तुम्ही विकलीत, मग तुमचं काय नुकसान झालं? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्हीमध्ये माझे पैसे बुडतात. पॉलिसीबरोबर मालक-चालकाचा जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, त्याचंही तेच. तो नोंदणीकृत मालकासाठी आहे, स्टिअरिंगवर बसलेल्या कोणासाठीही नाही.

गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, आरसी आणि जुन्या मालकाची संमती जोडून अर्ज करायचा. थोडं शुल्क आणि एनसीबीचा फरक भरावा लागतो.

एनसीबी म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट. ती २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट गाडीची नसते, माणसाची असते, हे मला माहीत नव्हतं. त्या तारवट्याने पाच वर्षं गाडी सांभाळून चालवली, सूट त्याने कमावली. गाडी विकताना तो ती पत्र घेऊन राखून ठेवू शकला असता आणि तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला लावू शकला असता. त्याऐवजी तीन वर्षं ती मी खाल्ली. त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला, पण मला वाटतं किती रुपये झाले ते त्याने मनात मोजलं.

हे उलट दिशेनेही होतं. आरसी वेळेत नावावर केलेली असते, आणि 'झालं सगळं' म्हणून विमा तसाच राहतो. नोंदणी एका वहीत आहे, विमा दुसऱ्या वहीत, बँकेचा बोजा तिसऱ्या नोंदीत आणि फास्टॅग चौथीकडे. एकीत नाव बदललं म्हणून दुसरीत बदलत नाही. प्रत्येक दार स्वतः जाऊन ठोठवावं लागतं.

कर्ज फिटलं, बोजा राहिला

सगळ्यात आधी काय करावं, तर एमपरिवाहन ॲपमध्ये किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर घालून बघावं. गाडीचं काम 'वाहन'वर असतं आणि लायसन्सचं 'सारथी'वर, यात गल्लत करू नका. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, पण बाकी बरंच कळतं: गाडीचा वर्ग, नोंदणीची मुदत, विम्याची तारीख, आणि गाडीवर कोणाचं कर्ज नोंदलेलं आहे का.

माझ्या गाडीवर होतं. कर्ज चार वर्षांपूर्वीच फिटलेलं, आणि बँकेची नोंद आरसीवर तशीच. आरटीओच्या भाषेत याला 'एचपी' म्हणतात. सातबारावरचा बोजा जसा आपोआप उतरत नाही तसाच हाही उतरत नाही. शेवटचा हप्ता भरला की बँक एनओसीचं, म्हणजे ना-हरकतीचं, पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ देते. तो घेऊन आरटीओत अर्ज केला की एचपी निघते. एचपी असताना बँकेच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही. एनओसीच्या पत्राला बहुधा तीन महिन्यांची मुदत असते. ती गेली की नवं पत्र मागावं लागतं, आणि ते बँक कर्जदारालाच देते, गाडी ज्याच्याकडे आहे त्याला नाही.

गोव्यात याला आणखी एक गाठ आहे. आपल्याकडे किनारपट्टीच्या जुन्या बँकांची कर्जं पुष्कळ होती आणि त्यांतल्या काही आज नावानिशी उरलेल्याच नाहीत. विजया बँक २०१९ च्या १ एप्रिलला बँक ऑफ बडोदात गेली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. आरसीवर जुनं नाव असेल तर घाबरायचं कारण नाही. ज्या बँकेत ती गेली तिच्याकडून पत्र घ्यायचं, आणि पत्रात जुन्या बँकेचं नाव आणि विलीनीकरणाचा उल्लेख करून मागायचा. तो नसला तर दुसरी फेरी पडते.

आजी आणि ओटीपी

आता प्रत्यक्ष नाव बदलणं. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही. माझ्या गाडीचा नंबर जीए-११, म्हणजे पेडण्याचा. मी जीए-०४ मधला, म्हणजे डिचोलीचा. गाडी कायम जीए-११ राहणार, फक्त नाव माझं. अर्ज घेणाऱ्याने आपण राहतो त्या भागाच्या कार्यालयात करायचा. केंद्राच्या नियमांत साध्या खासगी कारच्या नामांतराचं मूळ शुल्क ३०० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे, आणि उशीर झाला असेल तर त्याची रक्कम वर. शुल्क बघितलं की लोक एवढी वर्षं हे काम का टाळतात हे कळत नाही. पैशासाठी टाळत नाहीत हे नक्की.

अर्ज ऑनलाइन भरायला घेतला आणि पहिल्याच पायरीवर अडकलो. नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो मोबाइल होता आजींकडे. मुलगा जहाजावर जाताना हेच सिमकार्ड घरी ठेवून जातो, म्हणून तर चलानचा मेसेज त्यांना आला. मी फोन केला, म्हटलं, "आजी, आता एक सहा आकडी नंबर येईल, तो मला वाचून दाखवा." पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "टीव्हीवर रोज सांगतात, हा नंबर कोणाला सांगायचा नाही." त्यांचं बरोबर होतं. मी दुसऱ्या दिवशी पेडण्याला गेलो, त्यांच्यासमोर बसून अर्ज भरला, त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावून माझा चेहरा दाखवला, मग नंबर दिला.

गाडी विकत घेताना तिच्या नोंदीत कोणाचा मोबाइल आहे आणि तो चालू आहे का, हे त्याच दिवशी विचारून घ्या. लंडनला, पोर्तुगालला, आखातात गेलेल्यांचं गोव्यातलं सिम सहा महिन्यांत बंद पडतं.

दुसरी अडचण सह्यांची. कपाटातले फॉर्म सह्यांचे होते, तारखा कोऱ्या. एजंटने सुचवलं, आजची तारीख घालू, उशीर दिसणारच नाही. मी तसं केलं नाही, आणि त्यात सचोटीपेक्षा हिशेब जास्त होता. पैसे बँकेतून तीन वर्षांपूर्वी गेलेत. ती नोंद कायमची आहे. उद्या काही वाद निघाला तर एका कागदावर एक तारीख आणि बँकेच्या पासबुकावर दुसरी, हे मला निस्तरावं लागेल. खरी तारीख घातली, उशिराची रक्कम भरली. मार्चमध्ये शिगम्याला तारवटी सुट्टीवर आला तेव्हा नव्या फॉर्मांवर नव्याने सह्या घेतल्या, बँकेचं पत्रही त्यानेच आणून दिलं. जुन्या सह्या कदाचित चालल्या असत्या, पण तीन वर्षांत माणसाची सही बदलते, निदान त्याची बदलली होती.

तिसरी अडचण खास आपली आहे. गोव्यात एकाच माणसाच्या आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं असतात. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी, आधारवर ऑपरेटरने ऐकलं तसं. 'देसाई'त एकीकडे एक एस, दुसरीकडे दोन. 'नाईक'च्या शेवटी कुठे के, कुठे क्यूयूई. माणसं हे हसून सोडतात, पण आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवणाऱ्या यंत्राला विनोद कळत नाही. आरसीवर नवं नाव चढतानाच ते आधारप्रमाणे अक्षर न् अक्षर आहे ना, हे बघून घ्या. नंतर दुरुस्ती म्हणजे आणखी एक अर्ज.

बाकी कागद साधे: आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, आणि चासी नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा. विमा जुन्या नावाचा असला तरी चालू असला म्हणजे बहुधा अर्ज पुढे जातो, मग आरसी आली की लगेच विमा नावावर करायचा. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. ठसा घेताना तो आरसीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहा. थकलेले चलान असतील तर आधी ते भरायचे.

सगळ्यांची गोष्ट एवढी साधी नसते

माझी गाडी गोव्याचीच, खासगीच आणि विकणारा जिवंत. या तिन्हींपैकी एक जरी बदललं तरी वाट बदलते.

गोव्यात सेकंडहँड बाजारात रेंट-अ-कॅबच्या, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या, गाड्या पुष्कळ येतात, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या. स्वस्त मिळतात. घेणारा पाटी बदलून पांढरी करतो आणि खासगी म्हणून फिरवतो. पाटी बदलून गाडी खासगी होत नाही. नोंदवहीत ती व्यावसायिकच असते, तिला परमिट असतं, ठरावीक मुदतीने फिटनेस लागतो. ती रीतसर खासगी करायची तर आधी परमिट परत करायचं, कराचा फरक भरायचा, गाडीचा वर्ग बदलून घ्यायचा, मग नाव. गाडी एका वर्गात नोंदलेली आणि विमा दुसऱ्या वर्गाचा, असं असेल तर दाव्याच्या वेळी कंपनीला नाही म्हणायला एवढं पुरतं. अशी गाडी घेताना पैसे देण्याआधी हे काम विकणाऱ्याकडून करून घ्या. नंतर तो फोन उचलेल, पण काम करणार नाही.

सत्तरी, पेडणे, डिचोली इथले लोक दोडामार्ग-सावंतवाडीकडून एमएच-०७ ची गाडी घेतात, दक्षिण गोव्यातले कारवारकडून केए-३०. परराज्यातली गाडी गोव्यात चालवता येते, पण १२ महिन्यांहून जास्त काळ ती इथे राहिली तर कलम ४७ प्रमाणे गोव्याचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग इथे फॉर्म २७ चा अर्ज, गोव्याचा रस्ता कर, गाडीची तपासणी. तिथे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. तो मागायचा कंटाळा बहुतेक जण करतात, आणि ही रक्कम ३०० रुपयांची नसते. एनओसी घेतलेली गाडी मध्येच लटकलेली असते: तिकडच्या वहीतून जायला निघालेली, इकडच्या वहीत न आलेली. एनओसी हातात आली की पुढचं काम त्याच महिन्यात करा.

जुनी गाडी घेताना नोंदणीचं वय बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. १५ वर्षांपुढच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ च्या १ एप्रिलपासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि मुदत टळली की दर महिन्याला ५०० चढत जातात. लाखभराच्या गाडीत हे आकडे जाणवतात.

मालक वारला असेल तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तसं कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं. गोव्यात वारसाहक्क पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यावर उभा आहे. वारस कोण, हे विशेष नोटरीसमोरच्या डीड ऑफ सक्सेशनने ठरतं, आणि घराच्या वाटणीसाठी ते होईपर्यंत घरच्यांची वर्षं जातात. गाडी तोवर अंगणात वडिलांच्या नावाने उभी, आणि धाकटा मुलगा ती रोज वेर्ण्याला कामावर नेतो. सगळ्या वारसांची ना-हरकत आणि प्रतिज्ञापत्र घेऊन गाडीचा विषय घरापासून सोडवता येतो का, हे आरटीओत आधी विचारा. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. नाव बदलायचा अर्ज करताय तर त्याच बैठकीत तेही करून टाका. मी केलं.

आणि विकणारा सापडतच नसेल तर? इथे सोपा मार्ग नाही, आणि जो सोपा म्हणून सांगितला जातो तो, म्हणजे त्याची सही आपणच ठोकायची, तो गुन्हा आहे. आरसीवरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र पाठवा, ते परत आलं तर पाकीट न फोडता जपून ठेवा. पैसे दिल्याची बँकेची नोंद, व्यवहाराचा कागद, तुमच्या नावाने केलेल्या दुरुस्तीच्या पावत्या, हे सगळं जोडून कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वेळ लागतो. डीलरकडून गाडी घेत असाल तर २०२३ च्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. असेल तर गाडी त्याच्याकडे आल्याची खबर आरटीओला देणं त्याचं काम, आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत तिची जबाबदारीही त्याची. नसेल तर तो नुसता मध्यस्थ आहे, आणि मूळ मालकाशी तुम्ही स्वतः एकदा बोललंच पाहिजे.

माझं कार्ड एप्रिलच्या शेवटी आलं. विमा त्याच आठवड्यात नावावर केला, एनसीबी शून्यावर आला, हप्ता वाढला. उरला फास्टॅग. तीन वर्षं मी गाडीच्या नंबरवर रिचार्ज करत होतो आणि कोगनोळीच्या टोलवरून निवांत जात होतो. टॅग होता त्याच्या नावाने, त्याच्या केवायसीवर, आणि तो बंद करता येत होता फक्त त्यालाच. त्याने परत जहाजावर जाण्याआधी तो बंद केला, तेव्हा शिल्लक राहिलेले माझे सहाशे चाळीस रुपये त्याच्या खात्यात जमा झाले. मी ते सोडून दिले. मे महिन्यात आजींनी कदंबा बसच्या कंडक्टरबरोबर मानकुराद आंब्यांची पिशवी पाठवली, दोन डझन. मानकुरादचा भाव बघता मी फायद्यातच राहिलो.